समुपदेशकाचं पद

सरकार मानसिक आरोग्यावर किती खर्च करतं, हा प्रश्न दर अर्थसंकल्पानंतर विचारला जातो. तो पैसा कोणाच्या पगारावर जातो, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. खरं तर सगळी मेख त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याच्या नावाने तीन ठळक रकमा होत्या : बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेसाठी सुमारे ८५० कोटी, आसाममधल्या तेजपूरच्या संस्थेसाठी सुमारे ६४ कोटी आणि टेलिमानस या दूरध्वनी सेवेसाठी ९० कोटी. आरोग्य मंत्रालयाच्या नव्वद हजार कोटींच्या घरातल्या तरतुदीत या तिन्ही रकमा मिळून शंभरात रुपया-सव्वा रुपया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या पाहणीनुसार जगभरातल्या सरकारांचा या कामावरचा खर्च आरोग्यखर्चाच्या २ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तोही अपुरा असल्याचं ती संघटनाच सांगते. जिल्हा पातळीवरच्या सेवेचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोठ्या थैलीतून जातो आणि वेगळा दिसत नाही, हे खरं. त्यामुळे हे चित्र थोडं अपुरं आहे. पण कल समजायला ते पुरेसं आहे. निमहान्ससारखी संस्था देशाचं भूषण आहे, तिचा एक रुपयाही कमी करावा असं मी म्हणणार नाही. फक्त गेवराई किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या नववीच्या मुलीला झोप लागत नाही, शाळेत जावंसं वाटत नाही, तेव्हा तिच्यासमोर बसायला त्या आठशे पन्नास कोटींतून कोणी येत नाही.

ही मुलगी चर्चेच्या मध्यावर ठेवण्याचं कारण भावनिक नाही. २०२२ साली जगभरातल्या १९२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार होतो, त्यांच्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत होते, निम्म्यांची अठराव्याच्या आत आणि साठ टक्क्यांहून अधिक लोकांची पंचविसाव्याच्या आत. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबाची पाहणी जशी तिशी-चाळिशीनंतर सुरू होते, तसा मनाच्या आजारांचा काळ शाळा-कॉलेजचा आहे. आपल्याकडे २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्याबद्दल हाती राहतो तो गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा, आणि तो फार उशिराचा आकडा असतो : २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले. कोणत्याही राज्यातला तो सर्वांत मोठा आकडा होता.

कागदावर या मुलांसाठी काहीच नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा आहे. तो सुरू करणाऱ्या सुरुवातीच्या विकसनशील देशांत भारत होता. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निमहान्सच्या तज्ज्ञांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन नमुना उभा केला, आणि त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. चार जिल्ह्यांपासून सुरू झालेला हा कार्यक्रम आज सातशेहून अधिक जिल्ह्यांत मंजूर आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेत प्रत्येक जिल्ह्याला वर्षाला ८३.२ लाखांपर्यंत मदत ठरली. पथकही ठरलं : मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, नोंदी ठेवणारा माणूस. शाळांत जीवनकौशल्यं शिकवणं, कॉलेजांत समुपदेशन आणि आत्महत्या प्रतिबंध ही कामंही याच पथकाच्या यादीत आहेत.

आता या पथकाच्या नजरेतून जिल्हा पाहू. महाराष्ट्रातल्या सरासरी जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या पुढे जाते, तालुके आठ-दहा. सर्व पदं भरलेली आहेत, असं क्षणभर धरून चालू. जिल्हा रुग्णालयातली बाह्यरुग्ण सेवा, भरती रुग्ण, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं, न्यायालयाने पाठवलेले लोक, ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी होणारी शिबिरं. एवढं उरकून पथक शाळेत कधी जाणार? गेलंच तर एखाद्या तासाचं व्याख्यान होतं. ज्या मुलीला बोलायचं आहे ती व्याख्यानानंतर सगळ्या वर्गासमोर हात वर करत नाही. तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणारं कोणी हवं असतं, आणि पथक तोवर दुसऱ्या तालुक्यात पोचलेलं असतं. तिच्या घरच्यांनी जिल्ह्याला न्यायचं ठरवलं तर एका माणसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं पडतं, केसपेपर काढून दुपारपर्यंत रांग असते. तिथे पाच मिनिटांत गोळ्या लिहून मिळतात, कारण बाहेर साठ माणसं थांबलेली असतात. गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरची यात काही चूक नाही. पाच मिनिटांत तेवढंच होऊ शकतं.

आणि हे सगळी पदं भरलेली असताना. प्रत्यक्षात देशात लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. तीन असावेत, अशी अपेक्षा संसदेच्या स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात नोंदवली. जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. जिल्ह्याच्या पथकातली पदं मुख्यतः कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, मग एका दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. मानधन ठोक, बढतीची वाट नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी एम.ए. नंतर आणखी दोन वर्षं रुग्णालयात राबलेल्या माणसाला शहरातलं खासगी काम सहज मिळतं. तो या करारावर आला तरी टिकत नाही. मग जाहिरात निघते, उमेदवार येत नाहीत, पद रिक्त राहतं, त्या पदाचा पैसा अखर्चित राहतो. पुढच्या वर्षी वित्त विभाग विचारतो की गेल्या वर्षीचंच खर्च झालं नाही, तर वाढवून कशाला द्यायचं? केंद्राच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी २०१८-१९ मध्ये ५० कोटी ठेवले होते, २०१९-२० मध्ये ४०. दोन्ही वर्षी सुधारित अंदाजात आकडा पाच कोटींच्या आसपास उतरला. पैसा नाही म्हणून माणसं नाहीत आणि माणसं नाहीत म्हणून पैसा नाही, असं हे चक्र आहे.

या चक्रातून सुटायला सरकारने जी युक्ती काढली, ती माझ्या मते या क्षेत्राची सर्वांत मोठी चूक आहे. नवीन पद काढायचं नाही. काम आहे त्या माणसावर टाकायचं. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात किशोरवयीनांसाठी क्लिनिक ठरली. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ असं सुंदर नाव मिळालं. पण अनेक ठिकाणी तिथला समुपदेशक म्हणजे दुसऱ्याच कार्यक्रमाचा कर्मचारी, ज्याच्याकडे हा ‘अतिरिक्त कार्यभार’. २०२० मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम आला आणि प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायचं ठरलं. त्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाचं ‘मनोदर्पण’ आलं. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की आपलं मंडळ समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करतं. त्यांतले बरेचसे शिक्षकच असतात. एकेका उपक्रमामागे चांगली माणसं आहेत, हेतू चांगला आहे. पण बेरीज केली तर योजना चार आणि वाढलेली माणसं शून्याच्या जवळ.

हा नुसता तर्क नाही. तो तपासून पाहिला गेला आहे, आणि आपल्याच देशात. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७५ सरकारी माध्यमिक शाळांवर गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळांचे तीन गट केले होते. पहिल्या गटात ‘सेहर मित्र’ नावाचा एक माणूस फक्त याच कामासाठी नेमला. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. प्रशिक्षण दिलेला स्थानिक पदवीधर होता. दुसऱ्या गटात तेच काम, तेच साहित्य घेऊन शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचे वर्ग चालू राहिले. काम साधं होतं. परिपाठात आठवड्याचा एक विषय मांडायचा. महिन्याला भित्तिपत्रक काढायचं, मुलांनी लिहिलेलं. व्हरांड्यात एक पेटी लावायची, जिच्यात नाव न घालता तक्रार किंवा प्रश्न टाकता येईल, आणि त्या चिठ्ठ्यांवर शाळेने खरोखर काहीतरी करायचं. मुलं, पालक, शिक्षक यांची समिती बसवायची. आणि ज्याला एकट्याने बोलायचं आहे त्याच्यासाठी वेळ ठेवायचा.

शैक्षणिक वर्षाअखेर पहिल्या गटातल्या शाळांचं वातावरण मुलांच्या मते सुधारलं होतं. नैराश्याची लक्षणं, दादागिरी, हिंसा कमी झाली होती. दुसऱ्या वर्षी फरक आणखी वाढला. आणि शिक्षकांच्या गटात? नेहमीच्या शाळांच्या तुलनेत फरक आढळला नाही. तेच पुस्तक, तीच पेटी, तेच भित्तिपत्रक, आणि परिणाम नाही. यावरून शिक्षक निष्काळजी असतात असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. ज्या शिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा आहे, निवडणुकीची कामं आहेत, माहिती भरायची आहे, त्याच्या दिवसात पेटी उघडून चिठ्ठ्या वाचण्याचा तास कुठून यायचा? शिवाय ज्याच्या हातात माझे गुण आहेत, त्याच्यापाशी मी घरातली भांडणं सांगेन का, हा मुलांचा प्रश्नही रास्त आहे. नालंदाच्या प्रयोगातून मी घेतो तो धडा असा की या कामात औषध म्हणजे मोकळा वेळ असलेला माणूस. तो माणूस काढून घेतला की उरतं ते नुसतं वेष्टन.

असा माणूस नेमायचा म्हटलं की पहिला आक्षेप डॉक्टर मंडळींकडून येतो, आणि तो गंभीर आहे : मनाशी खेळ करायला अर्धशिक्षित माणसं बसवायची का? याचं उत्तर दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांतल्या दुसऱ्या एका प्रयोगात मिळतं, ज्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तिथे अडचणीत असलेल्या २५१ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला नुसत्या पुस्तिका दिल्या, दुसऱ्या गटाला पुस्तिकांच्या जोडीला तीन आठवड्यांत चार-पाच भेटी. भेटी घेणारे पदवीधर तरुण, तज्ज्ञ नव्हेत. भेटीची रीत तीन पायऱ्यांची : समस्या नेमकी काय ते एका वाक्यात लिही, तिच्यावर सुचतील ते पर्याय मांड, त्यांतला एक निवडून पुढच्या भेटीपर्यंत करून बघ. ‘घरी सगळे ओरडतात’ ही समस्या होत नाही. ‘संध्याकाळी भाऊ अभ्यासाला बसू देत नाही’ ही होते, कारण तिच्यावर काही करता येतं. मुलांनी स्वतःच सांगितलेल्या समस्यांची तीव्रता भेटी मिळालेल्या गटात अधिक कमी झाली. फरक फार मोठा नव्हता, आणि लक्षणांच्या सर्वसाधारण मोजपट्टीवर तो लगेच दिसलाही नाही. हे लपवून उपयोग नाही. पण या तरुणांवर सतत देखरेख होती. आपल्या भेटींवर ते एकत्र बसून चर्चा करत आणि गंभीर वाटणारं मूल पुढे पाठवत. अर्धशिक्षित माणूस धोकादायक होतो तो एकटा सोडल्यावर.

महाराष्ट्राला हे नवं वाटू नये. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हाही हाच आक्षेप होता, आणि तोही तितक्याच ठामपणे घेतला गेला होता. १९९९ मध्ये त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले, नवजात मृत्यूंचं प्रमाण साठ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं, आणि पुढे तीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. समुपदेशकाचं पद सरकारला निर्माणच करता येत नाही, असंही नाही. एचआयव्हीच्या काळात एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रं (आयसीटीसी) निघाली आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत समुपदेशक पोचला. ‘आयसीटीसीची मॅडम’ कुठे बसते हे आज तालुक्यात कोणालाही विचारलं तर सांगतात. साथीची भीती होती म्हणून ते पद निघालं. तेवढीच निकड इथे वाटली तर हेही निघेल.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानावर विश्वास असणाऱ्यांचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस आहे, १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीसह वीस भाषांत, चोवीस तास, विनामूल्य कोणीतरी ऐकतं. २०२५ पर्यंत वीस लाखांहून अधिक फोन आले. मग शाळेत माणूस कशाला? मला ही सेवा मोलाची वाटते, आणि हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावा. रात्री दोन वाजता शाळेतला समुपदेशक नसतो, टेलिमानस असतं. पण फोन करण्यासाठी आधी आपल्याला काहीतरी होतंय हे कळावं लागतं, हातात फोन असावा लागतो आणि घरात आडोसा. तेरा वर्षांच्या मुलीकडे या तिन्ही गोष्टी एका वेळी असणं किती घरांत शक्य आहे? शिवाय फोनवरच्या माणसाने ‘जवळच्या केंद्रात जा’ म्हटलं की गाडी पुन्हा त्याच रिकाम्या खुर्चीपाशी येते. फोन हा दरवाजा आहे. आत खोली नसेल तर दरवाजा कुठे उघडणार?

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. वयात येताना मुलं उदास होतात, चिडतात. त्या सगळ्याला आजार ठरवून आपण एक पिढी नाजूक करतो आहोत का? ब्रिटनमध्ये ८४ शाळांवरच्या एका प्रयोगात निम्म्या शाळांतल्या शिक्षकांनी सरसकट सगळ्या मुलांना सजगतेचे धडे दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. सगळ्यांना सारखाच डोस देण्याच्या उत्साहाला हा लगाम आहे, आणि तो असायला हवा. पण त्यातून निघणारा मार्ग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, तिकडेच येतो. सरसकट धडे देण्यापेक्षा, ज्याला गरज आहे त्याला ओळखून भेटणारा माणूस ठेवा. शंभरातली त्र्याण्णव मुलं आजारी नाहीत हे सांगायलाही कोणीतरी जाणतं लागतं. परीक्षेच्या भीतीने रडणाऱ्या मुलाला धीर द्यायचा, आणि महिनाभर जेवण-झोप तुटलेल्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचं, हा भेद तक्ता वाचून होत नाही.

राहिला पैसा. एक ढोबळ हिशेब मांडतो. गृहीतं माझी आहेत, कोणी बदलून पाहावीत. महाराष्ट्रात ३५८ तालुके धरले आणि प्रत्येक तालुक्यात दहा समुपदेशक, महिना तीस हजारांवर, नेमले, तर ३,५८० माणसांचा वर्षाचा खर्च सुमारे १२९ कोटी. त्यांच्या देखरेखीला तालुक्याला एक अनुभवी मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता, महिना पन्नास हजारांवर : आणखी साडेएकवीस कोटी. एकूण दीडशे कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा आहे. म्हणजे शंभर रुपयांतले दोन पैसे. एवढ्यात प्रत्येक शाळेत माणूस बसणार नाही. एका समुपदेशकाकडे काही शाळा येतील, आठवड्याचे वार ठरवावे लागतील. पण ‘बुधवारी मॅडम येतात’ हे मुलांना ठाऊक असणं आणि कोणी कधीच येत नसणं, यांत फार अंतर आहे. खर्च परवडत नाही, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. अडचण वेगळी आहे : योजना एका वर्षाची असते, पद आयुष्यभराचं, आणि वित्त विभागाला पदाची भीती वाटते. म्हणून कंत्राट. पण ज्या कामात मूल सहा महिन्यांनी कुठे तोंड उघडतं, तिथे दर अकरा महिन्यांनी माणूस बदलणं म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. आकृतिबंधात नियमित पद धरल्याशिवाय हे काम होणार नाही.

समुपदेशक आले म्हणजे तज्ज्ञांची गरज संपली, असं मात्र होत नाही. उलट ती वाढते, कारण आजवर न दिसलेली मुलं दिसू लागतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून ५,६९५ खाटा मंजूर आहेत. पण तेरा वर्षांच्या मुलाला प्रौढ रुग्णांच्या वॉर्डात ठेवणं हा उपचार नव्हे. बालमनोविकाराचं विशेष शिक्षण देशातल्या मोजक्याच संस्थांत मिळतं. या जागा वाढवायला दहा-पंधरा वर्षं लागतील, आणि म्हणूनच त्या आज वाढवायला हव्यात. तोवर जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञाचा एक दिवस रांगेतून मोकळा करून तो समुपदेशकांबरोबर बसण्यासाठी ठेवला, तर त्याच्या एका दिवसातून शंभर मुलांपर्यंत पोचता येईल.

कायदा या बाबतीत प्रशासनाच्या पुढे आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ प्रत्येकाला सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देतं, आणि कलम ३१ सांगतं की लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतकं मनुष्यबळ कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत उभं करण्याचे प्रयत्न सरकारने करायचे. कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. त्या जूनमध्ये जे मूल पहिलीत गेलं, त्याची दहावीची परीक्षा मार्च २०२८ मध्ये येते. कलमाची मुदत संपते त्यानंतर दोन महिन्यांनी.